नजला कुठून उतरतो?

आमच्या घरात सर्दीला कुणी सर्दी म्हणत नाही, नजला म्हणतात. अम्मी म्हणायची, "दिमाग से उतरता है, उतरने दो." मग जोशांदा उकळायचा, डोक्यावर चादर घेऊन वाफ घ्यायची आणि दोन दिवस पडून राहायचे. नजला छातीत उतरला तर खोकला, दातात उतरला तर दाढदुखी, केसांत उतरला तर केस अकाली पांढरे. लहानपणी मला वाटायचे की मेंदू म्हणजे गळके छप्पर आहे आणि खाली आपण बादल्या ठेवून बसलो आहोत.

मी उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवतो. शब्दांची मुळे शोधायची खोड त्यातूनच लागली. 'नजला' हा अरबी शब्द. त्याच्या धातूचा अर्थ 'खाली उतरणे'. कुरआन नाजिल झाले म्हणतात तो नाजिल याच धातूतला. प्रवासी जिथे सवारीवरून उतरतो ती मंजिलही याच धातूतली. मराठीतल्या 'पडसे' या शब्दाचे मूळ वेगळे आहे. आयुर्वेदातल्या 'प्रतिश्याय' या रोगनामापासून झिजत झिजत तो आपल्यापर्यंत आला. वर्गात हे सांगितले की मुले खूश होतात आणि मलाही आपण काहीतरी जाणतो असे वाटते.

मे २०२१ मध्ये हाच शब्द माझ्या घरात महाग पडला.

माझी खाला करोनातून उठून घरी आली होती. तिला बारा वर्षांपासून साखरेचा आजार. रुग्णालयात ऑक्सिजन लागला होता, स्टेरॉइड दिली होती. घरी आल्यावर पाचव्या दिवशी ती मला म्हणाली, "बेटा, ये बाजू का गाल सुन्न हो रहा. ऊपर के दाँत हिलते जैसे लगते." मी मोबाईलवर ऑनलाइन शाळेचे हजेरीपत्रक भरत होतो. मान वर न करता म्हणालो, "नजला है खाला. नाक बंद है तो ऐसा होता. भाप लो."

तिने माझे ऐकले. तीन दिवस वाफ घेतली. चौथ्या सकाळी डावी पापणी सुजून डोळा झाकला गेला. उरलेल्या फटीतून तिला एकाचे दोन दिसत होते.

कान-नाक-घशाचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारले, "मावशींचा गाल कधीपासून बधिर आहे?" मी म्हणालो, "कालपासून." बाकावर बसलेली खाला म्हणाली, "नहीं डॉक्टर साहब, तीन दिन से ऊपर हो गए. इसको बोली थी मैं." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. डॉक्टरांनी विचारले होते आणि तिने खरे ते सांगितले. मी मात्र त्यांच्या नजरेला नजर देऊ शकलो नाही.

तो म्यूकरमायकोसिस होता. वर्तमानपत्रांची 'काळी बुरशी'. खाला वाचली, डावा डोळा गेला. त्यानंतर बरेच महिने मी एकच गोष्ट वाचत होतो. नाकाच्या आत आहे तरी काय, आणि नजला मेंदूतून उतरतो हे आपल्याला कुणी सांगितले? जे वाचले ते इथे मांडतो आहे.

मेंदूतून गळणारे पाणी

अम्मीचा सिद्धांत अम्मीचा नव्हता. तो ग्रीकांचा होता. मेंदू थंड आणि ओला अवयव आहे, त्यात कफ साठतो आणि नाकाच्या वरच्या चाळणीसारख्या हाडातून तो खाली झिरपतो, असे ग्रीक वैद्यक मानत असे. दुसऱ्या शतकातल्या गॅलेनने, ज्याला आपल्याकडे जालीनूस म्हणतात, या कल्पनेवर शिक्कामोर्तब केले. इंग्रजीत सर्दीला जुना शब्द आहे कॅटार. त्याचा ग्रीक अर्थ 'खाली वाहणे'. म्हणजे कॅटार आणि नजला यांच्या मागे चित्र एकच आहे.

नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गॅलेनचे ग्रंथ अरबीत आणले. पुढे इब्न सीनाने 'अल-कानून' मध्ये नजला आणि जुकाम यांतला फरकही नोंदवला. दोन्ही मेंदूतूनच उतरतात, पण काही जण घशाकडे उतरणाऱ्या स्रावाला नजला आणि नाकावाटे येणाऱ्याला जुकाम म्हणतात, असे तो लिहितो. युनानी हकीम ही भाषा घेऊन हिंदुस्थानात आले आणि ती आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली.

या वैद्यांना फक्त पुस्तकी ठरवणे मात्र अन्याय होईल. अल-राजीने एक छोटा प्रबंध लिहिला आहे. अबू जैद अल-बल्खी या विद्वानाला वसंत ऋतूत गुलाबाचा वास घेतला की सर्दी का होते, हा त्याचा विषय. आज आपण ज्याला ॲलर्जी म्हणतो तिचे हजार वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण आहे. इसवी सन १००० च्या सुमारास कुर्तबाजवळच्या अबुल कासिम अल-जहरावीने 'किताबुत्तसरीफ' हा तीस भागांचा ग्रंथ पूर्ण केला. त्याचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा आहे आणि त्यात अवजारांची चित्रे आहेत. नाकात वाढलेल्या मांसाविषयी त्याने लिहिले आहे की रोग्याला सूर्याकडे तोंड करून बसवावे, नाकपुडी उघडावी, आकड्याने ते मांस ओढून कापावे आणि आत काही उरले तर गाठी मारलेला दोरा नाकातून घशाकडे नेऊन करवतीसारखा ओढावा.

सूर्याकडे तोंड करून बसवावे, या सूचनेपाशी मी थांबलो. नाकाच्या आत अंधार आहे. पुढच्या हजार वर्षांचा नाकाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास हा बराचसा त्या अंधारात उजेड नेण्याचा इतिहास आहे.

हाडातले खिसे

'मला सायनस आहे' असे आपण सहज म्हणतो. सायनस हे आजाराचे नाव नाही. तो प्रत्येकाला असतो. चेहऱ्याच्या हाडांत नाकाभोवती ज्या हवेच्या पोकळ्या आहेत त्यांना सायनस म्हणतात. त्यांच्या चार जोड्या. सर्वांत मोठी जोडी गालाच्या हाडांत, प्रौढ माणसात एकेकीत साधारण पंधरा मिलिलिटर मावेल एवढी. दुसरी कपाळात, भुवयांच्या वर. तिसरी दोन डोळ्यांच्या मधे, पण ती एक खोली नसून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक घरे आहेत. चौथी कवटीच्या अगदी मध्यभागी, मेंदूच्या तळाशी.

सायनस या लॅटिन शब्दाचा अर्थ घडी, खोलगा, वस्त्राचा गळ्याजवळचा भाग. अरबीत या पोकळ्यांना 'जुयूब' म्हणतात. जुयूब म्हणजे 'जैब'चे अनेकवचन, आणि जैब म्हणजे आपल्या उर्दूतली जेब, खिसा. गणितातल्या 'साइन'ची गोष्टही इथेच येऊन मिळते. संस्कृतातल्या 'जीवा' या शब्दाचे अरबांनी 'जीब' केले, स्वर न लिहिण्याच्या पद्धतीमुळे तो 'जैब' वाचला गेला आणि बाराव्या शतकातल्या लॅटिन अनुवादकांनी त्याचे भाषांतर केले सायनस! दहावीच्या त्रिकोणमितीतला साइन आणि डॉक्टरांचा सायनस हे असे एकाच खिशातून निघाले आहेत.

हे खिसे आपण पूर्ण घेऊन जन्माला येत नाही. गालातली पोकळी आईच्या पोटात तिसऱ्या महिन्याच्या आसपास नाकाच्या अस्तराचा एक छोटा फुगवटा म्हणून सुरू होते. जन्माच्या वेळी ती आणि डोळ्यांमधली बारीक घरे लहान रूपात असतात. कपाळात मात्र जन्मतः पोकळी नसते. ती खालून वर, हाड कोरत कोरत चढते. एक्स-रेत ती सहा-सात वर्षांच्या सुमारास दिसू लागते आणि किशोरवयाच्या शेवटी पूर्ण होते. पहिलीतले मूल आणि दहावीतला मुलगा यांच्या कपाळांत म्हणूनच फरक असतो. काहींच्या कपाळात ती तयारच होत नाही. ज्यांच्यात होते त्यांच्यात तिचा आकार इतका वेगवेगळा असतो की अनोळखी मृतदेहाची ओळख पटवायला जुन्या एक्स-रेशी तो ताडून पाहतात.

या रचनेत दोन अडचणी आहेत. पहिली अशी की गालातल्या पोकळीचे नाकात उघडणारे तोंड तळाशी नसून वर, छताजवळ आहे. टाकीची तोटी खाली ठेवायची सोडून वर ठेवावी तसे. दुसरी अशी की डोळ्यांमधली बारीक घरे आणि डोळ्याची खोबण यांच्यात जो पडदा आहे, त्याचे शास्त्रीय नावच 'कागदी पत्रा' अशा अर्थाचे आहे. खालाचा डोळा याच कागदाच्या पलीकडे होता.

चांदीची सुई आणि पीस

प्राचीन इजिप्तमध्ये ममी करणारे कारागीर मृताच्या नाकातून आकडा घालून, डोळ्यांमधले ते पातळ हाड फोडून मेंदू बाहेर काढत. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने याचे वर्णन केले आहे. नाकातून मेंदूकडे वाट आहे हे त्यांना माहीत होते, पण ती वाट त्यांनी केलेली होती.

१४८९ मध्ये लिओनार्दो दा विंचीने कवटी उभी चिरून तिची जी चित्रे काढली त्यांत गालातली आणि कपाळातली पोकळी स्पष्ट दिसते. ती चित्रे त्याच्या वह्यांतच राहिली. १६५१ मध्ये नॅथॅनियल हायमोर या इंग्रज वैद्याने शरीररचनेवर ग्रंथ छापला, तेव्हा गालातली पोकळी वैद्यकाला नीट कळली. पुढे अनेक वर्षे ती त्याच्याच नावाने ओळखली जाई.

हायमोरने एका बाईची हकिगत दिली आहे. तिचा वरचा दात काढला होता आणि त्या भोकातून सतत पाणी येत होते. तिने चांदीची सुई आत घातली. सुई जवळजवळ डोळ्यापर्यंत गेली. मग तिने पिसाची काडी सोलून घातली. तीही आत जातच राहिली. बाईला वाटले, काडी मेंदूत पोहोचली. ती घाबरून हायमोरकडे आली. त्याने तिला समजावले की काडी मेंदूत गेलेली नाही, गालातल्या पोकळीत वळून गोळा झाली आहे.

ही हकिगत वाचताना मला खालाचे "ऊपर के दाँत हिलते" आठवले. वरच्या दाढांची मुळे आणि ही पोकळी यांच्यात हाडाचा पातळ थर असतो. दाताचा रोग पोकळीत जातो आणि पोकळीचा रोग दातात कळतो. हायमोरच्या रुग्णाला ते सुईने कळले. मला खालाने शब्दांत सांगितले होते.

आता अम्मीच्या प्रश्नाकडे. १६६० च्या सुमारास जर्मनीतल्या विटेनबर्गच्या कॉनराड श्नायडरने सर्दीवर मोठा ग्रंथ लिहून दाखवून दिले की मेंदूतून नाकात कफ उतरण्याची वाटच नाही. चाळणीच्या हाडाला भोके आहेत, पण त्यांतून वासाचे तंतू जातात. सर्दीचे पाणी नाकाच्या आतल्या अस्तरातच बनते. म्हणजे ग्रीकांपासून चालत आलेला नजल्याचा रस्ता साडेतीनशे वर्षांपूर्वी बंद झाला. तो फक्त आपल्या बोलण्यात चालू राहिला.

खरवडण्यापासून वाट मोकळी करण्यापर्यंत

पोकळीत पू साठतो हे कळल्यावर तो काढायची वाट शोधणे आले. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनचा विल्यम काउपर दाढ काढून तिच्या खड्ड्यातून गालातली पोकळी धूत असे. १८८२ मध्ये व्हिएन्नाच्या एमिल झुकरकांडलने नाक आणि त्याच्या पोकळ्यांच्या रचनेवर जो ग्रंथ लिहिला तो शस्त्रवैद्यांसाठी नकाशा ठरला. १८९३ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉर्ज कॉल्डवेलने आणि १८९७ मध्ये पॅरिसच्या हेन्री ल्यूकने, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, वरच्या ओठाच्या आतून हिरडीवर छेद घेऊन, हाड उघडून पोकळीत शिरण्याची पद्धत सांगितली. आतले रोगट अस्तर संपूर्ण खरवडून काढायचे आणि पू खाली वाहावा म्हणून नाकात तळाशी नवे भोक पाडायचे. अनेक दशके हीच मुख्य शस्त्रक्रिया होती.

डोळ्यांमधल्या बारीक घरांची शस्त्रक्रिया तर फारच धोक्याची. एका बाजूला डोळा, वर मेंदू, आणि शल्यविशारद कपाळावरच्या आरशाच्या उजेडात जवळजवळ चाचपडत काम करणार. बोस्टनच्या हॅरिस मोशरने १९२९ मध्ये कबूल केले की कागदावर सोपी दिसणारी ही शस्त्रक्रिया प्रत्यक्षात रोग्याला मारण्याचा एक सोपा मार्ग ठरली आहे. ज्याने स्वतः ही शस्त्रक्रिया रुजवली त्याची ही कबुली आहे. असे लिहायला धैर्य लागते. मला 'कालपासून' ऐवजी 'तीन दिवसांपासून' म्हणायला जमले नव्हते.

पुढे दोन गोष्टी एकत्र आल्या. इंग्लंडमधले भौतिकशास्त्रज्ञ हॅरल्ड हॉपकिन्स यांनी दुर्बिणीच्या नळीची रचनाच उलटी केली. आधी लांब नळीत हवा असे आणि मधे मधे काचेची छोटी भिंगे. हॉपकिन्स यांनी काचेच्या लांब कांड्या बसवल्या आणि मधे हवेच्या छोट्या फटी ठेवल्या. त्यामुळे कितीतरी जास्त प्रकाश पलीकडे पोहोचू लागला. १९६० च्या दशकात जर्मनीतल्या कार्ल श्टोर्झ यांनी या दुर्बिणी बनवायला घेतल्या. अल-जहरावीचा सूर्य आता पेन्सिलीपेक्षा बारीक नळीतून नाकात जाऊ शकत होता.

दुसरी गोष्ट ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात घडली. वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी नाकाच्या अस्तराचा अभ्यास केला. या अस्तरावर सूक्ष्म केस असतात आणि ते सतत हलून चिकट स्राव पुढे ढकलत राहतात. मृत्यूनंतरही काही तास त्यांचे हलणे चालू असते. मेसरक्लिंगर यांना दिसले की हे केस स्रावाला नेहमी पोकळीच्या मूळ तोंडाकडे, म्हणजे वर चढवत नेतात. तळाशी नवे भोक पाडले तरी स्राव त्याला वळसा घालून जुन्या वाटेनेच जातो. तोटी वर आहे ही चूक नव्हतीच. पाणी वर चढवणारे हमाल निसर्गाने आधीच नेमले होते आणि आपण खरवडताना त्यांनाच काढून टाकत होतो.

त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. मोठ्या पोकळ्यांचा आजार बहुधा डोळ्यांमधल्या बारीक घरांतल्या अरुंद वाटेत सुरू होतो. ती वाट मोकळी केली की मोठी पोकळी आपोआप बरी होते. त्यांचा दुर्बिणीवरचा ग्रंथ १९७८ मध्ये इंग्रजीत आला. त्यांचे शिष्य हाइन्झ श्टामबर्गर आणि अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सचे डेव्हिड केनेडी यांनी ही पद्धत जगभर नेली. १९८५ मध्ये केनेडी यांनी तिच्या नावात 'फंक्शनल' हा शब्द घातला, म्हणजे अवयवाचे काम परत मिळवून देणारी. त्याच काळात सीटी स्कॅनमुळे शस्त्रक्रियेआधीच आतला नकाशा हाती येऊ लागला. आज आपल्या जिल्ह्याच्या गावांतही दुर्बिणीने सायनसचे ऑपरेशन होते ते या मार्गाने आलेले आहे.

कमकुवत अवयवावर

फारसीतली एक म्हण उर्दूत रुळलेली आहे. तिचा अर्थ असा की नजला दुबळ्या अवयवावर कोसळतो. माणसांबद्दलही ती वापरतात. राग कुणाचाही असो, तो उतरतो गरिबावर.

२०२१ मध्ये ही बुरशी अशीच दुबळ्यांवर उतरली. तिचे बीज मातीत, हवेत, सगळीकडे असते आणि धडधाकट माणसाला ते काही करत नाही. वाढलेली साखर, करोनाने थकलेले शरीर आणि प्रतिकार दाबणारी स्टेरॉइड, या तिन्हींनी तिला वाट दिली. नाकातून ती सायनसमध्ये जाते, रक्तवाहिन्यांत शिरून रक्त अडवते, मांस मरते आणि काळे पडते. तिथून कागदी पडद्यापलीकडे डोळा, पुढे मेंदू. मे २०२१ मध्ये केंद्राने राज्यांना हा आजार नोंदणीयोग्य जाहीर करायला सांगितले. जुलैपर्यंत देशात ४५,००० हून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि त्यांत महाराष्ट्र आणि गुजरात सर्वांत पुढे होते. ॲम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी लोक शहराशहरांत फिरत होते. आम्हीही फिरलो.

खालाच्या शस्त्रक्रियेत दुर्बीण तीच होती, पण काम उलटे होते. इथे अस्तर वाचवायचे नव्हते. जिवंत मांसातून रक्त येईपर्यंत मेलेले सगळे काढायचे होते. तीन दिवस आधी गेलो असतो तर डोळा वाचला असता का, हे मी डॉक्टरांना विचारले नाही.

बी.एड.ला आम्हाला एक सूत्र शिकवले होते, ज्ञाताकडून अज्ञाताकडे. मूल जे जाणते तिथून सुरुवात करा. मी आयुष्यभर तसे शिकवत आलो. खालाच्या बाबतीत मी ज्ञाताशीच थांबलो. मला शब्द माहीत होता, म्हणून मी आजाराकडे पाहिलेच नाही. बंद नाकाने गाल बधिर होत नाही. ते मी विचारायला हवे होते.

२०२२ मध्ये तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी दुर्बीण घालून पडदा खालाकडे वळवला. "मावशी, बघा. ही तुमच्या गालाच्या आतली खोली. स्वच्छ आहे." खालाने उजव्या डोळ्याने बराच वेळ पाहिले. गुलाबी, ओलसर भिंती, कोपऱ्यात थोडी खपली. म्हणाली, "मैं समझती थी अंदर गोश्त ही गोश्त है."

बाहेर रिक्षाची वाट पाहताना तिने मला विचारले, "तो नजला कहाँ से उतरता, मास्टर?"

"कहीं से नहीं उतरता, खाला. वहीं नाक में बनता."

"फिर इतने साल दिमाग को काहे को बदनाम किये?" असे म्हणून ती हसली. तिच्या काळ्या चष्म्यामागे काय होते ते मला दिसले नाही.

घरात अजूनही कुणी शिंकले की नजलाच म्हणतात. मीही म्हणतो. पण आता मी हातातले काम बाजूला ठेवतो आणि आधी विचारतो, कधीपासून? कुठे दुखते? कुठे बधिर वाटते का? साखर कधी तपासली? आणि डॉक्टर विचारतील तेव्हा जितके दिवस झाले असतील तितकेच सांगतो.